बुरशी विष केव्हा करते?

वाशीच्या दाणा बाजारात शेंगदाणे पोत्यांनी येतात. तिथून ते नवी मुंबईतल्या घराघरांत जातात. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा डब्यात शिरते आणि दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी चढते. आपण म्हणतो, "त्यात काय! पुसून, भाजून खाऊ." तसे करू नये. का, ते आम्ही सांगतो.

या बुरशीचे नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. पण बुरशी वाढली की विष झालेच, असं नाही. वाढणे हे तिचे पोटाचे काम, विष हे वरचे काम. विष करणारी पंचवीसएक जनुके तिच्या पेशीत एका रांगेत असतात. त्यांच्यावर एक मुकादम-जनुक आहे. त्याने हाक दिली, की बाकीची कामाला लागतात. हाक केव्हा द्यायची, हे ओल, ऊब आणि खाणे यांवर ठरते. सुमारे ३० अंश उष्णतेत विष भरपूर होते. ३७ अंशांना बुरशी जोमाने वाढते, पण विष फार थोडे करते. आपल्याकडची पावसाळी हवा ३० अंशांच्याच आसपास! शिवाय साखर मिळाली की तिचे विष वाढते.

पेनिसिलिन देणारी बुरशी वेगळी. तिचे याच्या उलट. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो याच औषधासाठी. या बुरशीला एकदम भरपूर ग्लुकोज दिले, तर ती नुसती खाते नि वाढते. औषध करीत नाही. म्हणून पेनिसिलिन करताना साखर थोडी थोडी सोडतात.

आता विषाचा प्रताप ऐका. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत मक्याचे पीक काढणीच्या वेळी पावसात भिजले. घरात दुसरे धान्य नव्हते. गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला. ३९७ माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले. १०६ दगावली. त्याच घरचे अन्न खाणारी कुत्रीही मेली.

बुरशी पुसली तरी विष दाण्यात राहते. भाजल्याने थोडे कमी होते, जात नाही. म्हणून दाणे आधीच कडकडीत वाळवा. ओल शेकडा ७-८ च्या वर नको. पावसाळ्यात आठवड्यापुरतेच घ्या. बुरसलेले, सुरकुतलेले दाणे टाकून द्या. गाईलाही घालू नका. विष दुधात उतरते.