गाडीला ठोकर बसली, भरपाई कोण देणार?

विमा आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्या अनेक गाडीमालकांना अपघातानंतर कळते, की आपल्या पॉलिसीत आपल्याच गाडीसाठी एक पैसाही नाही. अपघातानंतरची धावपळ तर करावी लागतेच, पण भरपाईचा निम्मा निकाल अपघाताच्या आधीच, कपाटातल्या कागदांवर लागलेला असतो.

रायपूरहून धमतरी-जगदलपूरकडे निघालेली गाडी साधारण तीस किलोमीटरवर अभनपूरला पोहोचते. इथूनच राजिमचा रस्ता फुटतो. बस्तरकडे जाणारे ट्रक, धानाने भरलेले ट्रॅक्टर, नवा रायपूरला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांच्या मोटारी आणि माघी पौर्णिमेला राजिमच्या मेळ्याला निघालेली कुटुंबे यांचा रस्ता एकच. रायपूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे आणि त्यांच्याकडे नागपूर-भंडाऱ्याहून येणारे पाहुणेही त्यांत असतात. पावसाळ्यात रस्त्यावर ठाण मांडून बसलेली गुरे ही आणखी एक डोकेदुखी.

अशा रस्त्यावर ठोकर बसली, की पुढचे दृश्य ठरलेले असते. गर्दी जमते, ‘चूक कोणाची’ यावर वाद होतो आणि कोणीतरी वडीलधारा पुढे होऊन म्हणतो, ‘दोन हजार घ्या आणि मिटवा.’ पैसे घेतले जातात. गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर खर्चाचा आकडा तीस हजारांवर जातो, तोपर्यंत समोरचा मनुष्य आणि त्याची गाडी दोन्ही दिसेनासे झालेले असतात.

आधी पॉलिसी उघडून पाहा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार रस्त्यावर गाडी आणायची तर ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. हा विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल, त्यासाठी असतो. आपल्या गाडीचे नुकसान भरून निघावे म्हणून ‘ओन डॅमेज’ विमा वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही एकत्र असलेल्या पॉलिसीला ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसी म्हणतात.

हा फरक मोठा आहे. रस्त्यात बसलेल्या म्हशीला वाचवताना आपली गाडी झाडावर आदळली, तर ओन डॅमेज विमा कामी येतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर खर्च आपल्याच खिशातून. अज्ञात वाहन ठोकरून पळाले तरी तीच गत. अशा ‘हिट अँड रन’ अपघातांसाठी १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या सरकारी योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. मोडलेल्या गाडीसाठी त्यात काही नाही.

चूक दुसऱ्याची असेल तर

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फक्त मृत्यू किंवा दुखापत झालेल्यांसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे आपल्या गाडीचे नुकसान झाले असेल, तर गाडीमालक म्हणून आपणही कलम १६६ खाली तिथे अर्ज करू शकता. त्यात समोरचा चालक, मालक आणि त्यांची विमा कंपनी यांना प्रतिवादी करायचे. अपघात जिथे घडला तिथे किंवा आपण जिथे राहता तिथे, दोन्हींपैकी सोयीच्या ठिकाणी अर्ज करता येतो. म्हणजे अभनपूरजवळ गाडी ठोकली गेली, तरी नागपूरच्या पाहुण्याला तारखांसाठी रायपूरच्या वाऱ्या करण्याची गरज नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीत अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ती चुकवू नये.

समोरच्याच्या विमा कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेलाही मर्यादा असते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत साडेसात लाख आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. थोडा हप्ता वाचावा म्हणून काही जण ही मर्यादा सहा हजारांवर आणून ठेवतात. तसे असेल, तर उरलेली रक्कम त्या गाडीमालकाकडूनच वसूल करावी लागते.

आपल्या कंपनीकडून दुरुस्तीचे पैसे घेतले असतील, तर तेच पैसे समोरच्याकडून पुन्हा मागता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पहिले चोवीस तास

कोणी जखमी असेल, तर सर्वांत आधी त्याला दवाखान्यात पोहोचवणे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. त्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात :

● गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. दोन्ही गाड्यांचे क्रमांक, रस्ता आणि तुटलेले भाग स्पष्ट दिसू द्या.

● समोरच्या चालकाचे नाव, परवाना आणि पॉलिसीचा फोटो घ्या. पाहणाऱ्या एक-दोघांचे फोन क्रमांक टिपून ठेवा.

● जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्या. समोरच्याकडून भरपाई मागायची असेल, तर पोलिसांचा कागद फार उपयोगी पडतो.

● विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. काही कारणाने उशीर झालाच, तर निराश होऊ नका. निव्वळ उशिराच्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

● रेडिएटर फुटलेली किंवा चाक वाकलेली गाडी तशीच चालवत घरी नेऊ नका. त्यामुळे जे जास्तीचे नुकसान होईल, ते कंपनी देत नाही.

● सर्व्हेअरने पाहणी करण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका. तुटलेले भागही फेकू नका.

बिल तेहतीस हजारांचे, हाती किती?

ओन डॅमेज विमा असला, तरी बिलाची पूर्ण रक्कम सहसा मिळत नाही. जुना भाग काढून नवा बसवला, की कंपनी घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर निम्मी रक्कम कापली जाते. काचेवर काहीच कापत नाहीत. धातूच्या भागांवरची कपात गाडीच्या वयानुसार वाढत जाते.

समजा, आपली कार साडेतीन वर्षांची आहे. या वयाला धातूवरचा घसारा पंचवीस टक्के. बंपर ६,००० रुपयांचा, त्याचे ३,००० मिळतील. दरवाजा १२,००० चा, त्याचे ९,०००. समोरची काच ७,००० ची, ती पूर्ण. मजुरी ८,०००, तीही पूर्ण. म्हणजे ३३,००० च्या बिलातून २७,००० मंजूर झाले. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारसाठी मालकाने सोसायचे सक्तीचे १,००० रुपये वजा केले, की हाती २६,००० येतात. ‘झिरो डेप्रिसिएशन’ची जोड घेतली असेल, तर घसाऱ्याची बरीचशी कपात वाचते.

नुकसान अगदी किरकोळ असेल, तर दावा करण्याआधी हिशेब मांडावा. दावा न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यात वीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळत जाते. एका दाव्याने ती सूट जाते. दोन हजारांसाठी चार हजारांची सूट घालवणे शहाणपणाचे नाही.

स्टँपपेपरवरचा सौदा

सर्वांत जास्त दावे अडचणीत येतात ते जुन्या गाडीच्या खरेदी-विक्रीत. ओळखीच्यात सौदा होतो, स्टँपपेपरवर सह्या होतात, किल्ली हातात पडते आणि आर.सी.वर नाव बदलण्याचे काम ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाते.

यात काय होऊ शकते, हे छत्तीसगढमधल्याच एका ट्रकमालकाच्या प्रकरणात दिसते. रायपूरहून धनबादकडे निघालेल्या त्याच्या ट्रकला नोव्हेंबर २०११ मध्ये अपघात झाला. पॉलिसी चालू होती, त्याच्याच नावावर होती. सर्व्हेअरने ४,९३,५०० रुपयांचे नुकसान ठरवले. पण त्याने २००८ मध्येच ट्रक विकण्याचा करार केला होता, हे कंपनीच्या लक्षात आले आणि दावा फेटाळला गेला. जिल्हा आणि राज्य ग्राहक मंचांनी त्याच्या बाजूने कौल दिला, तर राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला. शेवटी जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की आर.सी.वर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, म्हणून भरपाई त्यालाच मिळाली पाहिजे. न्याय मिळाला, पण साडेआठ वर्षांनी.

घेणाऱ्याचे हाल याहून वाईट. १९९५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी नावावर झाली पण विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला, तर नव्या मालकाला आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. आणि विकणाराही सुटत नाही. २०१८ च्या निकालानुसार गाडी पुढे कितीही हातांतून गेली, तरी आर.सी.वर नाव असलेला माणूसच तिने केलेल्या अपघाताला जबाबदार धरला जातो.

म्हणून विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि घेणाऱ्याने चौदा दिवसांतच विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नाव बदलेपर्यंत गाडी ताब्यात देऊ नये, हे सर्वांत उत्तम.

दावा नाकारला तर

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने चोवीस तासांत सर्व्हेअर नेमावा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा आणि पुढच्या सात दिवसांत कंपनीने निर्णय कळवावा. सर्व्हेअरचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पुराव्याच्या बळावर तो खोडता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटले आहे. पॉलिसीच्या एखाद्या अटीचा भंग झाला असेल, तरी दावा सरसकट शून्य होतोच असे नाही. २०१० च्या एका प्रकरणात, खासगी गाडी भाड्याने दिलेली असूनही पंचाहत्तर टक्के रक्कम द्यायला न्यायालयाने लावले.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. छत्तीसगढसाठी हे कार्यालय भोपाळला आहे आणि तिथे शुल्क लागत नाही. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने आता आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही.

हे सर्व मार्ग खुले आहेत, पण प्रत्येक दारात पहिला प्रश्न कागदाचाच येतो. तेव्हा आज संध्याकाळी थोडा वेळ काढून गाडीचे कागद बाहेर काढावेत. पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे, तिची तारीख कधी संपते, आर.सी.वर आणि पॉलिसीवर नाव एकच आहे ना आणि गाडी चालवणाऱ्याचा परवाना चालू आहे ना, या चार गोष्टी पाहायला दहा मिनिटे पुरतात.