पडल्यावर पुन्हा घोड्यावर केव्हा बसावे?

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले. १९८२ नंतर घोडेस्वारीतले सुवर्ण आपल्याकडे प्रथमच आले, आणि संघातील चौघांपैकी सुदिप्ती हजेला ही तर आपल्या इंदूरची! तेव्हापासून माझ्याकडे लसीकरणासाठी येणारे काही पालक हळूच विचारतात, "डॉक्टर, हिला घोडेस्वारी शिकवू का?" होळकरांच्या घोडदळाच्या गावात हा प्रश्न इतक्या उशिरा यावा, याची गंमत वाटते.

माझी कन्या शाळेत असताना घोडेस्वारी करीत असे. त्यामुळे हौशी स्पर्धांच्या रिंगणाबाहेर, कधी बाप म्हणून तर कधी मानद डॉक्टर म्हणून, माझे अनेक रविवार गेले आहेत. ड्रेसाजमध्ये घोड्याकडून ठरावीक चाली करून घ्यायच्या असतात आणि परीक्षक प्रत्येक चालीला शून्य ते दहा गुण देतात. शो-जंपिंगमध्ये आडव्या दांड्यांवरून उड्या असतात; दांडी पडली की चार दंडगुण, घोडा पहिल्यांदा अडला तरी चार. मुली आणि मुलगे एकाच गटात उतरतात, हे मला विशेष आवडते. चार-पाचशे किलोच्या जनावरापुढे हट्ट व आरडाओरडा चालत नाही, ही गोष्ट जे मूल दहाव्या वर्षी शिकते, त्याच्या आईवडिलांचे बरेच काम परस्पर होते.

पण जो घोड्यावर बसतो तो कधी ना कधी पडतो. पडल्यावर लगेच पुन्हा स्वार व्हावे, नाहीतर मनात भीती बसते, असा तबेल्यातला जुना दंडक आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत बारा वर्षांचा एक मुलगा, घोडा उडीपूर्वी थबकल्याने, मानेवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट होते. उठला, कपडे झटकले. त्या फेरीतून तो बाद झाला, पण दुपारी दुसरी फेरी होती. मी बाहुल्या पाहिल्या, नाव विचारले, त्याने बरोबर सांगितले. "बसू द्या हो, डॉक्टरसाहेब," शिक्षक म्हणाले, आणि मी मान डोलावली. अर्ध्या तासाने तो सरावाच्या मैदानात घोड्यावरूनच मला विचारता झाला, "काका, माझी पहिली फेरी झाली का?" कुंपणापाशी उभी असलेली त्याची आई म्हणाली, "हे तो तिसऱ्यांदा विचारतोय." माझ्या पोटात गोळा आला. त्याला खाली उतरवले. रुग्णालयाच्या वाटेवर त्याला उलटी झाली. सीटी स्कॅन स्वच्छ निघाला, एक रात्र देखरेखीखाली काढून तो घरी गेला. दवाखान्यात मी अशी परवानगी कधीच दिली नसती. मैदानावर दिली.

कन्कशनमध्ये मेंदूच्या रचनेपेक्षा त्याचे कार्य बिघडते, म्हणून स्कॅन बहुधा निर्दोष असतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही, आणि लक्षणे काही तासांनीही उमटतात. हेल्मेट कवटी वाचवते, पण आत हिंदकळणारा मेंदू पूर्णपणे थांबवू शकत नाही. पहिला मार भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर मुलांमध्ये, क्वचित का होईना, मेंदूला जीवघेणी सूज येते. म्हणून शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा घोडा नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सापेक्ष विश्रांती, मग हळूहळू हालचाल, आधी शाळा आणि नंतर खेळ. खेळातली प्रत्येक पायरी किमान एका दिवसाची. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवण्याचा आपण पूर्वी देत असू तो सल्ला आता मागे पडला आहे. डोकेदुखी वाढणे, वारंवार उलट्या, गुंगी, झटके यांपैकी काही दिसले तर मात्र थेट रुग्णालय.

हेल्मेट घोडेस्वारीचेच हवे, क्रिकेटचे किंवा स्कूटरचे नव्हे. त्याच्या आतला फोम एका जोरदार आघातात दबतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशा पडण्यानंतर ते बदलावे. खर्चाची कुरकुर मी पुष्कळ ऐकली आहे. ड्रेसाजचे दिग्गज स्वार तर अगदी परवापर्यंत रुबाबदार उंच टोपी घालून उतरत; आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२१ पासून तेथेही हेल्मेट सक्तीचे केले. बुटांना टाच असावी, म्हणजे पाय रिकिबीत अडकून मूल फरफटत जात नाही. आणि घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी लस चुकवू नये. (बालरोगतज्ज्ञाने लसीचा विषय काढला नाही, असे कसे होईल?)

हल्ली मैदानावर मी मुलाला नाव विचारत नाही. आता कोणती फेरी चालू आहे, कितव्या अडथळ्यापाशी पडलास, तुझ्याआधी कोण गेले, असे विचारतो. तो मुलगा महिन्याभराने पुन्हा घोड्यावर बसला. शिक्षक काही दिवस माझ्याशी फारसे बोलत नव्हते. आता मूल पडले की तेच सर्वांत आधी मला हाक मारतात.