कॉमिक्स आणि कोड: कोल्हापूरचा जुना धडा

कॉमिक्स लिहिणाऱ्याने प्रोग्रामर असणं अनेकांना विजोड वाटतं. माझ्या मते ही दोन्ही कामं एकाच कौशल्यावर उभी आहेत: मोठी गोष्ट लहान तुकड्यांत फोडायची आणि त्यांचा क्रम लावायचा. कॉमिक्समध्ये त्या चौकटी असतात, प्रोग्रॅममध्ये सूचना. एक चौकट चुकीच्या जागी पडली की वाचक अडखळतो. एक सूचना चुकली की प्रोग्रॅम. कोल्हापूरकरांना हे नवं वाटू नये. १८९० साली इथे जन्मलेले बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, मुळात चित्रकार. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, म्हणून त्यांनी चुलतभाऊ आनंदरावांसोबत यंत्राचा अभ्यास सुरू केला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी सहकारी दामले यांच्या मदतीने कॅमेरा तयार झाला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. वेशभूषा, नेपथ्य बाबूराव आधी रेखाटून पाहत. हे कॉमिक्सच्या कच्च्या आराखड्याच्या फार जवळचं आहे.

यावर आक्षेप येईल की तो काळ वेगळा होता, आज एकाच कामात प्रावीण्य हवं. प्रावीण्य हवंच, पण बाबूरावही एकटे नव्हते. दामले, फत्तेलाल हे सहकारी सोबत होते. मात्र ब्रश आणि यंत्र या दोन्हींची भाषा बाबूरावांना कळत होती, म्हणून कामाची जुळणी झाली. कोडच्या नियमांनी कल्पनाशक्ती आटते, हा आक्षेपही पटत नाही. पानाची मर्यादा असते म्हणूनच चौकट नेमकी होते. घरातलं मूल चित्रं काढत असेल आणि कोडही शिकत असेल, तर त्याला एकच निवडायला लावू नका.