ई-अध्ययनातील योग्याभ्यास

आयुर्वेदाची व्याख्याने आज संगणकावर व भ्रमणध्वनीवर सहज उपलब्ध आहेत. अंधेरी, बोरिवली वा मुलुंड येथील वैद्य रात्री दवाखाना बंद केल्यावरही ती ऐकू शकतो. परंतु चित्रफीत संपली म्हणजे विषय आत्मसात झाला असे नव्हे. ऐकलेले ज्ञान कृतीत उतरले नाही, तर त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते.

आपल्या आचार्यांनी हे जाणले होते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात, शास्त्र शिकलेल्या शिष्याकडूनही योग्या, म्हणजे प्रत्यक्ष सराव, करवून घेण्यास सांगितले आहे: छेदनाचा कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर, सीवनाचा वस्त्रावर व बंधाचा पुतळ्यावर. चरकाचार्यांनी अध्ययन व अध्यापन यांच्या जोडीला तद्विद्यसंभाषा हा उपाय सांगितला आहे.

हेच तत्त्व पवई येथील आयआयटी मुंबईच्या दोन प्रयत्नांत दिसते. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील चित्रफिती साधारण १० मिनिटांच्या असतात. पडद्याच्या एका बाजूस चित्रफीत व दुसऱ्या बाजूस सॉफ्टवेअर उघडून शिकणारा प्रत्येक कृती स्वतः करीत पुढे जातो. तेथील प्रा. सहाना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी मांडलेल्या अध्ययनार्थी-केंद्रित पद्धतीत चित्रफीत मध्येच थांबते, प्रश्न विचारते आणि उत्तराचा विचार झाल्यावरच विवेचन पुढे नेते. या थांब्यास ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ म्हणतात.

आपल्या विषयात याची योजना कशी करावी? ज्वराचा पाठ घेऊ. प्रथम रुग्णाची लक्षणे द्यावीत व पाठ थांबवावा. ज्वर साम की निराम, लंघन द्यावे की नाही, हे विद्यार्थ्याने कारणासह लिहावे. उत्तरानंतरच चरकोक्त अपवाद समोर यावेत: क्षय, वात, भय, क्रोध, काम, शोक व श्रम यांमुळे उत्पन्न झालेल्या ज्वरात लंघन वर्ज्य आहे. उत्तर चुकल्यास केवळ ‘चूक’ असा शेरा न देता कोणते लक्षण नजरेतून सुटले ते दाखवावे. शेवटी त्याच रुग्णावर सहाध्यायांची संभाषा व्हावी.

अर्थात नाडी, त्वचेचा स्पर्श, उदरपरीक्षण हे पडद्यावर शिकवता येणार नाही. त्यास गुरूचे सान्निध्य व रुग्णशय्याच हवी. परंतु तेथे जाणारा विद्यार्थी विचार करण्याची सवय घेऊन जावा, एवढे कार्य ही साधने निश्चित करू शकतात. म्हणून नवा ई-पाठ रचताना वैद्यमित्रांनी ‘किती सांगितले’ यापेक्षा ‘शिकणाऱ्याकडून किती करवून घेतले’ हा प्रश्न आधी विचारावा.