गाणी वाजवायला आय-सेव्हन कशाला?

तुमच्याही घरात असा एक डेस्कटॉप असेल. कोपऱ्यातल्या टेबलावर, डोक्यावर आजीने विणलेलं कव्हर. तुमचे प्रोजेक्ट लॅपटॉपवर गेले, बिलं मोबाइलवर गेली. त्याच्याकडे आता एकच काम उरलंय, बाबांची गाणी वाजवायचं. आणि एक दिवस तो मान टाकतो. मग जेवताना सगळे तुमच्याकडे बघतात, कारण घरात 'त्यातलं कळतं' ते तुम्हालाच!

आमच्याकडे हे गेल्या पावसाळ्यात झालं. आधी आतून टक् टक् असा आवाज यायला लागला, मग गाणं मध्येच अडकायला लागलं, मग स्क्रीन निळी. मी अगदी सहज म्हणाले, "बाबा, स्पॉटिफाय लावून देते ना टीव्हीवर." बाबा एवढंच म्हणाले, "त्यात आजोबांच्या कॅसेटी आहेत का?"

नाहीत. आणि कधी येणारही नाहीत. आजोबांना टेप करायची हौस होती. रेडिओवरची गाणी, ओळखीच्यांच्या घरी झालेल्या मैफिली, सगळं नव्वद मिनिटांच्या कॅसेटींवर. बाबांनी सुट्टीच्या दिवशी एकेक कॅसेट लावून ती कम्प्युटरवर घेतली होती. नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात, त्यात काही शॉर्टकट नसतो. एका रेकॉर्डिंगमध्ये ऐन आलापीत माझी आजी विचारते, "चहा टाकू का?" आणि आजोबांचं "शूऽऽ" ऐकू येतं. हे कुठल्या ॲपवर मिळणार?

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगायची ती नव्या मशिनबद्दलची नाहीच. जुनं बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून 'आता होतंय का' बघू नका. टक् टक् करणारी हार्ड डिस्क प्रत्येक वेळी थोडी आणखी मरते. ती बाहेर काढा आणि साटा टू यूएसबी केबलने दुसऱ्या लॅपटॉपला जोडून आधी सगळं कॉपी करून घ्या. तीही सर्वांत अमूल्य फोल्डरपासून. चित्रपटगीतं पुन्हा मिळतील. डिस्क जोडूनही दिसतच नसेल तर प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. आम्ही आधी चार दिवस 'होतंय का' बघत बसलो. शेवटी अकरा फाइल्स आल्याच नाहीत. मूळ कॅसेटी दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात गेल्या होत्या. "आता कम्प्युटरवर आहेत की!" असं म्हणून त्या मीच पोत्यात भरल्या होत्या.

असो. नवीन काय घ्यायचं?

कॉलेजमधला प्रत्येक जण आय-सेव्हनपासून सुरुवात करतो. थोडा हिशेब करू. ऑडिओ सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटमध्ये होते. दोन चॅनल धरले की सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट. तुम्ही मोबाइलवर बघता त्या रील्ससुद्धा प्रोसेसरला याहून जास्त कामाला लावतात. ध्वनी न गमावता फाइल लहान करणारा फ्लॅक फॉरमॅट घेतला तर आकार साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे तासाभराची सीडी साडेसहाशे एमबीवरून साडेतीनशेच्या आसपास. पाचशे सीडींचा संग्रह असला तरी दोनशे जीबीत बसतो. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर हे काम झोपेत करेल. दुकानदार मला आरजीबी दिवे लावलेला गेमिंग कॅबिनेट दाखवत होता. भैरवीला निळा आणि यमनला लाल, असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

खरे प्रश्न वेगळेच आहेत. आवाज किती करतो? गाणी कुठे राहणार? आणि बटण कोण दाबणार?

आवाजापासून सुरू करते, कारण तिथेच मी फसले. पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कंपन्यांतून निघालेले छोटे ऑफिस पीसी मिळतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. पोळ्यांच्या डब्यापेक्षा लहान, आणि बहुतेकांत एसएसडी बसवून वर आणखी एक लॅपटॉपची डिस्क ठेवायला जागा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशिनं ऑफिसांना नकोशी झाली आहेत. ती आपल्या कामाची! विंडोज काढायचं, लिनक्स मिंट टाकायचं.

मला असं मशीन दहा हजारांच्या आत मिळालं. दुकानात चालू करून पाहिलं, सगळं छान. घरी आणलं, रात्री अकराला तानपुरा लावला आणि मागून डास गुणगुणावा तसा पंखा! गल्लीतल्या हॉर्न आणि ड्रिल मशिनच्या गदारोळात तो ऐकू येणार तरी कसा? शेवटी उघडून पाहिलं तर आत कुणाच्या तरी ऑफिसची सात-आठ वर्षांची धूळ. ब्रशने साफ केली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, मग गप्प झाला. तुम्ही घ्याल तेव्हा मशीन कानाला लावून बघा, आणि 'आवाज आला तर परत घेणार ना?' हे बिल करायच्या आधी विचारा.

पंखाच नको असेल तर रास्पबेरी पाय. २०१२ मध्ये शिकणाऱ्यांसाठी आलेला हा पत्त्यांच्या कॅटएवढा कम्प्युटर आज जगभर लोक गाण्यांसाठी वापरतात. व्होल्युमिओ किंवा मूड ऑडिओ यांसारखी खास गाण्यांसाठीची सिस्टिम मेमरी कार्डवर टाकली की मोबाइलच्या ब्राउजरमधून गाणं लावता येतं. बिलातही फरक पडतो. जुना टॉवर समजा ६० वॅट खात असेल आणि रोज आठ तास चालू असेल तर महिन्याला चौदा युनिट होतात. पाच वॅटच्या मशिनला सव्वा युनिटही लागत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. पाय ४ ला हेडफोनचा जॅक आहे, २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ ला तो नाही. आणि मेमरी कार्डला अचानक वीज गेलेली सोसत नाही. तुमच्या गावात रोज लाइट जात असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर मी पाय सुचवणार नाही.

आता स्पीकरकडे. स्वस्त पीसीच्या जॅकला स्पीकर जोडून माउस हलवला की कधी कधी कुर्रर्र असा आवाज येतो, ऐकलाय? तो आतल्या सर्किटचा. त्यावर उपाय म्हणजे डॅक, अंकांचा आवाज करणारी चिप, बाहेर ठेवणं. नाव भारदस्त असलं तरी मोबाइलच्या टाइप-सी पोर्टला हेडफोन लावायचा जो शेपटीसारखा डाँगल असतो, त्यातल्या बहुतेकांत हीच चिप असते. सुरुवात त्याने करा. डब्यावर '३८४ किलोहर्ट्झ' छापलेलं बघून खिसा रिकामा करू नका. तुमच्याकडची फाइल ४४.१ ची आहे, कॅसेटवरून घेतलेली असेल तर मूळ आवाज त्याहूनही गरीब.

आणखी एक चाचणी घ्याच. प्लेअर 'गॅपलेस' वाजवतो का? शास्त्रीय संगीताच्या सीडीत विलंबित आणि द्रुत कधी कधी वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, पण गायक मध्ये थांबलेला नसतो. साधा प्लेअर तिथे क्षणभर आवाज तोडतो आणि बाबांचं समेवर पडणारं बोट हवेतच राहतं. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐकणाऱ्यांनाही हे दुखणं माहीत असेल. आम्ही एमपीडी हा फुकट प्लेअर टाकला. तो गॅपलेस वाजवतो आणि बंद केला तिथून पुढे सुरू करतो.

बटणाचा प्रश्न आजीमुळे सुटला. बाबा मोबाइलवरून गाणी लावायला दोन दिवसांत शिकले. आजी म्हणाली, "मला रेडिओसारखं दे. बटण दाबलं की गाणं." या ऑफिस पीसींच्या बायोसमध्ये एक सेटिंग असतं, वीज आली की आपोआप चालू व्हायचं. ते लावलं, पासवर्ड काढला, प्लेअर आपोआप सुरू होईल असं केलं. आता आजी भिंतीवरचा खटका दाबते आणि मिनिटभरात कालचं गाणं पुढे सुरू होतं. बंद करायला डब्यावरचं बटण दाबायचं असतं, पण ती मिक्सर बंद करावा तसा भिंतीवरूनच करते. म्हणून गाण्यांची डिस्क मी 'फक्त वाचण्यासाठी' अशी जोडून ठेवली आहे. खटका कितीही वेळा पडला तरी फाइलला धक्का नको.

या डिस्कची एक प्रत कपाटात आहे आणि एक मावशीकडे नाशिकला. चहाची फाइल वाचली आहे. आजीला ती मागच्या रविवारी ऐकवली. तिने सबंध ऐकली आणि म्हणाली, "टाकलाच नव्हता त्या दिवशी चहा. दूध नासलं होतं."

तेव्हा दुकानात शनिवारी जा. शुक्रवारी रात्री कॉपी लावून ठेवा. आणि जाताना स्वतःचा हेडफोन न्या, दुकानदाराचा एका कानाने ऐकू येत नाही.