धावड्याचा डिंक आणि सुगंधाची कुपी

धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला टॉवेल आठवड्याने अंगाला घासताच जो सुगंध अकस्मात उठतो, तो पुष्कळदा धुलाईच्या भुकटीत नुसता मिसळलेला नसतो. केसाहून बारीक अशा पॉलिमरच्या कुप्यांत तो बंदिस्त असतो आणि घर्षणाने कुपी फुटली की मोकळा होतो. सुगंधी तेल पाण्यात वेगाने घुसळले म्हणजे त्याचे सूक्ष्म थेंब होतात, आणि घुसळण जितकी जोरकस तितके ते लहान. मग त्या पाण्यात विरघळविलेली मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडची कच्ची राळ, किंचित आम्ल व ऊब यांचे साहाय्य मिळताच, प्रत्येक थेंबाभोवती जमून कठीण होते. हे कवच मात्र गंध संपल्यावरही कुजत नाही, सांडपाण्याबरोबर नदीनाल्यांत उतरते. म्हणूनच युरोपीय संघाने २०२३ साली सूक्ष्म प्लास्टिकावर जे निर्बंध घातले, त्यांच्या कक्षेत या कुप्याही आल्या.

वस्तुतः कुप्यांच्या या उद्योगाचा आरंभच डिंकापासून झाला. अमेरिकेत बॅरेट ग्रीन यांनी १९५०च्या दशकात कार्बनविरहित नक्कलकागदासाठी ज्या कुप्या केल्या, त्यांचे कवच जिलेटिन आणि अरबी डिंक यांचे होते. आम्लधर्मी पाण्यात जिलेटिन धनभारित होते, डिंक ऋणभारित राहतो, आणि उभयतांच्या आकर्षणातून निपजलेला दाट द्रव तेलाच्या थेंबाला लपेटून थंडाव्याने गोठतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील धावड्याच्या सालीतून उन्हाळ्यात पाझरून वाळलेले मधाच्या रंगाचे खडे आपणांस ठाऊक आहेत ते हिवाळ्यातील लाडवांमुळे. परंतु या डिंकातही ऋणभार देणारे तसेच आम्लगट असून, तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवण्याच्या कामी तो अरबी डिंकाहून कमी प्रमाणात पुरतो. त्याचा काही अंश विरघळत नाही, नुसता फुगतो, हा दोष खरा. आणि निव्वळ डिंकाची कुपी धुलाईच्या पाण्यात टिकणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण सरबताच्या कोरड्या भुकटीत, जिथे पाणी लागताच गंध सुटावा अशीच अपेक्षा असते, तिथे हे विरघळणेच कामाचे.

डिंकासारख्या गौण वनोपजावरील वननिवासींची मालकी २००६च्या वनहक्क कायद्याने मान्य झाली आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक वनहक्काचा दस्तऐवज २००९ साली मिळाला. बाजारात मात्र डिंकाची प्रतवारी अद्याप प्रामुख्याने रंग पाहूनच होते. कोणता डिंक तेलाला किती वेळ धरतो, हे काचेच्या नळीतही पाहता येते. ही कसोटी गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने लावावी आणि ग्रामसभांनी ती मागून घ्यावी, असे आमचे मत आहे. युरोपात सुगंधाच्या न कुजणाऱ्या कुप्यांना दिलेली मुदत १७ ऑक्टोबर २०२९ रोजी संपते.