जुन्या जीपगाडीचें अर्थिंग

जुन्या जीपगाडीचा उष्णतामापक कांटा बिघडला कीं आपण नवा सेन्सर आणावयास धांवतों. दोष मात्र पुष्कळदां अर्थिंगचा असतो. इंजिन रबरी बैठकांवर असल्यानें एकतारी सेन्सरची वीज अर्थिंगच्या पट्टीवाटे परतते. ती पट्टी गंजल्यास कांटा थंडच राहतो आणि तापलेलें इंजिन ध्यानांत येत नाहीं.

गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी. मल्टिमीटरची एक सळई चेसिसला जोडलेल्या बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब दिसल्यास अर्थिंग सदोष समजावें. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. मग पट्टीचीं टोकें व त्यांच्या जागा पॉलिशपेपरनें चकचकीत घासून घट्ट आवळाव्या. नव्या सेन्सरचा खर्च त्यानंतरच करावा.